घर विकायला काढण्याआधी

(बिबवेवाडीतल्या महिलांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)

आजच्या विषयाचं नाव फळ्यावर वाचून मघाशी एक ताई मला म्हणाल्या, "अहो, आमच्याकडे विकायला घर कुठंय? राहायलाच पुरत नाही." सगळ्या हसल्या. मग मी विचारलं, गेल्या दोन वर्षांत ज्यांच्या घरी, माहेरी किंवा सासरी घर विकण्याची बोलणी झाली त्यांनी हात वर करा. निम्म्याहून जास्त हात वर गेले. पुढे विचारलं, त्या बोलण्यात तुम्ही बसलेल्या होतात का? तेव्हा बहुतेक हात खाली आले. एकजण म्हणाली, "चहा घेऊन गेले होते तेव्हा ऐकलं थोडं."

बिबवेवाडीत ही बोलणी सध्या घरोघर चालू आहेत, त्याला कारणं आहेत. ऐंशी-नव्वदच्या दशकातल्या तीन-चार मजली, लिफ्ट नसलेल्या सोसायट्या आता जुन्या झाल्या. घेतल्या तेव्हा चाळिशीत असलेली माणसं आज सत्तरी-ऐंशीत आहेत, जिना चढवत नाही. मुलं वाकड-हिंजवडीला, नाहीतर बंगळूर-अमेरिकेत. गंगाधामच्या बाजूला उंच इमारती उभ्या राहिल्यावर जागेचे भाव बदलले. कुणी विकतंय, कुणी सोसायटीच पुनर्विकासाला देतंय. वर अप्पर, सुपर, लोअर इंदिरानगरमध्ये ओट्यावरची घरंही हातोहात बदलतात. म्हणजे विषय आपलाच आहे.

घर विकायचं ठरलं की सगळ्यात आधी काय होतं? घर 'दाखवण्यालायक' करायचं असतं. हे काम कोण करतं ते मी सांगायला नको. भिंतीचे पोपडे खरवडायचे, खिळे उपटून भोकं पांढऱ्या सिमेंटनं बुजवायची. बाथरूमच्या पिवळ्या पडलेल्या फरशा ॲसिडनं घासायच्या, हात भाजले तरी. सिंकखालचं ठिबकणं थांबवायचं. रंगारी येणार म्हणून भांडी, गाद्या, ट्रंका ह्या खोलीतून त्या खोलीत हलवायच्या. मग एजंटचा दहा वाजता फोन येतो, "अकराला पार्टी येतेय," की फोडणी द्यायची नाही, घरात वास नको. ओट्यावरचं सगळं कपाटात कोंबायचं, पडदे उघडायचे, दिवे लावायचे. पार्टी येते, एजंट 'साहेबां'शी बोलतो, पार्टीतली बाई तेवढी स्वयंपाकघरात डोकावून विचारते, "पाणी किती वेळ येतं?" तिला उत्तर आपण देतो. किंमत मात्र बाहेरच्या खोलीत ठरते.

ह्या सगळ्या मेहनतीनं घराची किंमत दोन-चार लाखांनी वाढते असं एजंटच सांगतात. त्या वाढीत बाईच्या मजुरीचा हिशेब कुठंच नसतो. पण आज मला मजुरीचं भाषण करायचं नाही. मला सांगायचंय ते असं की हे दोन-तीन महिने, म्हणजे घर विकायचं ठरल्यापासून विसार घेईपर्यंतचा काळ, बाईच्या दृष्टीनं फार मोलाचा आहे. कारण ह्या काळात तिच्या सहीची गरज असते. विसार पावती झाली की सगळे म्हणतात, "आता पार्टीचे पैसे अडकलेत, तुझ्या एका सहीसाठी सगळ्यांची नाचक्की करतेस का?" विसाराच्या आधी हा दबाव नसतो. तेव्हा तिनं प्रश्न विचारला तर फार तर कपाळाला आठ्या पडतात.

मी ज्या केंद्रात काम करते तिथं एक काकू आल्या होत्या. वय सत्तरच्या पुढे. दुसऱ्या मजल्यावरचा वन बीएचके, यजमानांनी घेतलेला, यजमान जाऊन सहा वर्षं झालेली. दोन मुलगे, एक मुलगी. घर दाखवायला काढलं तेव्हा एजंट म्हणाला, बाहेरच्या खोलीतली आजींची कॉट हलवा, खोली लहान दिसते. कॉट माळ्यावर गेली. दर रविवारी पार्टी यायची तेव्हा काकूंना औषधाच्या डब्यासकट शेजारी बसवायचे. काकू तक्रार सांगायला आल्याच नव्हत्या, रेशनकार्डावरच्या नावाचं काहीतरी काम होतं. बोलता बोलता हे निघालं. मी विचारलं, "काकू, घर विकल्यावर तुमची कॉट कुठं लागणार?" त्या थोडा वेळ गप्प बसल्या. म्हणाल्या, "तसं काही बोलणं झालेलं नाही. थोरला म्हणतो सहा महिने याच्याकडे, सहा महिने त्याच्याकडे."

त्या घराच्या कागदांवर सोसायटीत थोरल्या मुलाचं नाव नॉमिनी म्हणून होतं. त्यामुळे घरात सगळ्यांची समजूत अशी, की फ्लॅट थोरल्याचा. ही समजूत तुमच्यातल्याही पुष्कळजणींची असणार, म्हणून नीट सांगते. नॉमिनी म्हणजे मालक नाही. सभासद वारल्यावर सोसायटीनं कुणाशी व्यवहार करायचा, ह्याची ती सोय आहे. महाराष्ट्राच्या सहकारी संस्था कायद्यात २०१९ साली गृहनिर्माण संस्थांसाठी वेगळं प्रकरण घातलं, त्यात तर स्पष्टच आहे की वारस ठरेपर्यंत नॉमिनीला तात्पुरता सदस्य करून घ्यायचं. सर्वोच्च न्यायालयानं १९८४ साली सरबती देवी खटल्यात विम्याच्या पैशांबद्दल हेच म्हटलं होतं, आणि २०२३ च्या डिसेंबरात शक्ती येझदानी खटल्यात कंपन्यांच्या शेअर्सबद्दलही तेच म्हटलं. नॉमिनीनं पैसे किंवा कागद हातात घ्यायचे, हक्क वारसांचाच.

मग वारस कोण? हिंदू माणूस मृत्युपत्र न करता गेला आणि घर त्यानं स्वतःच्या कमाईतून घेतलेलं असलं, तर त्याची बायको, मुलगे, मुली आणि आई हयात असेल तर आई, ह्या सगळ्यांना सारखा वाटा. सासूबाई आधीच गेलेल्या, म्हणून काकूंच्या घरात वाटे चार. घर साठ लाखांना जातंय असं धरा, तर प्रत्येकाचे पंधरा लाख. त्यात काकूही आल्या आणि नाशिकला दिलेली मुलगीही आली. आता गंमत बघा. घेतानाच खरेदीखतात यजमानांबरोबर काकूंचंही नाव असतं, आणि वाटे वेगळे लिहिलेले नसते, तर साधारणपणे निम्मं घर आधी काकूंचं धरलं असतं. म्हणजे तीस लाख त्यांचे, आणि यजमानांच्या तीस लाखांत चार वाटे, साडेसात-साडेसात. काकूंचे एकूण साडेसदतीस. एका नावानं एवढा फरक पडतो. पंधरा लाखांत म्हाताऱ्या बाईला ह्या भागात स्वतःची खोली मिळत नाही. साडेसदतीसमध्ये निदान लांब कुठंतरी एक खोली-स्वयंपाकघर बघता येतं.

इथं एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. स्वतःच्या कमाईच्या घराचं मृत्युपत्र माणूस कुणाच्याही नावे करू शकतो, आणि वडील जिवंत असताना त्यांच्या कमाईच्या घरात मुलीला किंवा मुलाला हक्क मागता येत नाही. सून म्हणून सासऱ्याच्या अशा घरात मालकीचा वाटा नसतो. काही कार्यकर्त्या उत्साहाच्या भरात "बाईला सगळीकडे हक्क आहे" असं सांगून बाईला भांडायला पाठवतात, आणि ती तोंडघशी पडते. त्यापेक्षा आधी कागद बघावेत.

आता मुलींकडे येते. "मुलींना हक्क २००५ साली मिळाला, आमचे वडील त्याआधीच गेले, मग आम्हाला काय?" हा प्रश्न मला दर महिन्याला कुणीतरी विचारतं. वडिलोपार्जित मालमत्तेतला जन्मसिद्ध हक्क आणि वडिलांच्या कमाईच्या घरातला वारसाहक्क ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वडिलोपार्जित मालमत्तेत महाराष्ट्रानं २२ जून १९९४ पासून मुलींना हक्क दिला, पण त्याआधी लग्न झालेल्यांना वगळलं. देशभरचा कायदा ९ सप्टेंबर २००५ ला बदलला आणि लग्न झालेल्या-न झालेल्या सगळ्या मुली त्यात आल्या. वडील त्या दिवशी हयात असायला हवे होते की नाही, ह्यावर पंधरा वर्षं कोर्टात उलटसुलट निकाल येत राहिले. शेवटी ११ ऑगस्ट २०२० ला विनिता शर्मा खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की हयात असण्याची गरज नाही. मात्र २० डिसेंबर २००४ च्या आधी झालेल्या विक्री आणि वाटण्या ह्या कायद्यानं उघडता येत नाहीत.

पण वडिलांनी नोकरीच्या पैशांतून घेतलेल्या फ्लॅटमध्ये मुलीचा वाटा १९५६ सालापासूनच आहे! मग तो कुणाला दिसला का नाही? कारण त्याच कायद्यात एक कलम २३ होतं. राहत्या घरात मुलीचा वाटा आहे, पण भाऊ वाटणी करायचं ठरवत नाहीत तोवर तिनं वाटणी मागायची नाही, असं ते कलम म्हणत होतं. तिला त्या घरात राहायचा हक्कसुद्धा कधी, तर ती बिनलग्नाची, विधवा, नवऱ्यानं टाकलेली किंवा नवऱ्यापासून वेगळी झालेली असली तर. सासरी नीट नांदणाऱ्या मुलीनं माहेरच्या घराकडे बघायचंच नाही. जवळजवळ पन्नास वर्षं हे कलम जागेवर होतं. स्त्रीसंघटनांनी त्यावर सतत लिहिलं, बोललं, आणि २००५ च्या दुरुस्तीत ते गेलं. आज मुलीला भावांनी ठरवण्याची वाट बघायची गरज नाही. कायद्यातलं कलम गेलं, घरातलं कलम अजून आहे. भाऊ घर विकायला काढतात तेव्हाच बहिणीला फोन जातो, आणि तोही "एक सही लागतेय" एवढ्यासाठी.

त्या सहीचं नाव हक्कसोडपत्र. सख्ख्या भावंडांत मोबदला न घेता केलेल्या हक्कसोडपत्राला मुद्रांक शुल्क अगदी नाममात्र लागतं. सरकारनं सवलत कुटुंबातली भांडणं टाळायला दिली असेल, पण हक्क सोडणारी जवळजवळ नेहमी बहीणच का असते, हे कुणी विचारत नाही. माझ्या दहा-बारा वर्षांच्या कामात भावानं बहिणीच्या नावे हक्क सोडल्याचं मी एकदाच पाहिलं, आणि तेव्हा त्या भावावर बँकेचं कर्ज होतं. बहिणीला सांगतात, सोसायटीच्या कामासाठी आहे. सांगतात, वकिलानं मागितलंय, नुसती औपचारिकता. काही न चालल्यास, "माहेर तोडायचंय का?" ह्या शेवटच्या वाक्यापुढे शिकलेल्या, नोकरी करणाऱ्या बायकाही गप्प होतात. भाऊबीजेची ओवाळणी, बाळंतपण, नवऱ्यानं घराबाहेर काढलं तर रात्री जायचं दार, हे सगळं त्या वाक्यात असतं. म्हणून सही करणाऱ्या बाईला मी भित्री म्हणणार नाही. तिनं हिशेब केलेला असतो. माझं म्हणणं इतकंच की हिशेबात वाट्याची रक्कम आकड्यात लिहिलेली असावी. पंधरा लाख सोडायचे असतील तर पंधरा लाख सोडते आहे हे माहीत असून सोडावेत.

आणि हे लक्षात ठेवा, की हक्कसोडपत्र नोंदवावं लागतं. दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात बाईचा फोटो निघतो, अंगठा घेतला जातो. म्हणजे गुपचूप होत नाही. त्या कार्यालयात गर्दीत, संगणकापुढे उभं करून पानामागून पान सही घेतात, तेव्हा वाचायला वेळ नसतो. मसुदा चार दिवस आधी घरी मागा. वाचता येत नसेल तर केंद्रात आणा, आपण बसून वाचू. 'कुलमुखत्यारपत्र' असा शब्द दिसला तर जास्तच सावध व्हा. त्यात "विक्री करणे, रक्कम स्वीकारणे" असं लिहिलेलं असलं तर तुमच्या वाट्याचे पैसे दुसऱ्याच्या हातात जाणार आहेत.

कायद्याचं कलम २२ मात्र फार कुणाला माहीत नसतं, वकिलांनाही आठवण करून द्यावी लागते. वारसांपैकी एकाला आपला वाटा विकायचा असेल, तर बाहेरच्यापेक्षा बाकीच्या वारसांना तो विकत घ्यायचा आधी हक्क आहे. किंमतीवर एकमत झालं नाही तर कोर्ट ठरवतं. एका मैत्रिणीनं, जी नवऱ्यापासून वेगळी होऊन आईजवळ राहत होती, ह्याच आधारावर भावांना सांगितलं की विकायचंच असेल तर मला विका. बँकेचं कर्ज काढलं, आईचा वाटा आणि स्वतःचा वाटा धरून उरलेले दोन वाटे घेतले. भाऊ दीड वर्ष बोलत नव्हते. आता येतात-जातात.

मुस्लिम आणि ख्रिस्ती मैत्रिणी इथं आहेत, त्यांचं वेगळं. मुस्लिम कायद्यात मुलं असतील तर विधवेला आठवा हिस्सा, आणि मुलीला मुलाच्या निम्मा. कमी आहे, त्यावर बोलायला हवं, पण तो कमी हिस्सासुद्धा देत नाहीत, हे आधी बोलू. ख्रिस्ती विधवेला मुलं असतील तर एक तृतीयांश, आणि उरलेल्यात मुलगा-मुलगी सारखे.

ज्यांच्या घरात मालकीचं नाव फक्त नवऱ्याचं, आणि नवरा भांडून घर विकायला निघालाय, त्यांच्यासाठी वाट वेगळी आहे. आपल्याकडे नवऱ्यानं स्वतःच्या नावावरचं घर विकायला बायकोची संमती लागत नाही. शेजारच्या गोव्यात लागते. तिथं लग्नाच्या वेळी वेगळा करार केला नसेल तर मालमत्ता दोघांची समाईक धरतात, आणि घर-जमीन विकायला दोघांचीही संमती हवी. सावंतवाडीच्या पुढे गेलं की कायदा बदलतो, ह्याचं मला नेहमी नवल वाटतं. आपल्याकडे जे आहे ते २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात. हिंसाचार होत असेल तर एकत्र राहत्या घरात राहायचा बाईचा हक्क तो कायदा मानतो, मालकी कुणाचीही असो. कलम १९ खाली न्यायदंडाधिकारी नवऱ्याला घर विकू नको, गहाण टाकू नको असा आदेश देऊ शकतात. सासरच्यांच्या नावावरचं घर ह्यात येत नाही असं पूर्वी कोर्टं म्हणत. ऑक्टोबर २०२० मध्ये सतीशचंदर आहुजा खटल्यात ते बदललं. पण विक्री होऊन गेल्यावर अर्ज केला तर कोर्टाच्या हातात फारसं उरत नाही. भिंतींना रंग लागतोय, अनोळखी माणसं घर बघून जातायत, हे दिसलं की संरक्षण अधिकाऱ्याकडे जायचं.

सरकारनं १ एप्रिल २०२१ पासून फक्त बाईच्या नावावर घर घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत दिली. त्यामुळे पुष्कळ घरं बायकांच्या नावावर झाली, हे चांगलंच झालं. आधी अट होती की अशा घराची विक्री पंधरा वर्षं पुरुषाला करायची नाही. ती २०२३ मध्ये काढून टाकली. मला ती अट जाचक वाटायची आणि तिचा उपयोगही दिसायचा. ती गेल्यावर आता "तुझ्या नावावर सवलतीसाठी घेतलं होतं, आता सही कर" असं ऐकवणारे नवरे भेटू लागलेत. नाव तुमचं असेल तर तुमच्या सहीशिवाय घर विकता येत नाही. शेतकरी संघटनेनं लक्ष्मी मुक्तीच्या वेळी हजारो बायकांच्या नावावर जमिनी करून दिल्या, तेव्हाही प्रश्न हाच होता, की नाव लागल्यावर निर्णय कोण घेणार.

आता माळ्याकडे वळू. घर रिकामं करताना माळा साफ करते ती बाई. तिथं जुनी ट्रंक असते, त्यात कागद असतात. बिल्डरला दिलेल्या हप्त्यांच्या पावत्या, कर्जाचं पासबुक, सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट, कर पावत्या. आणि कितीतरी वेळा सराफाची चिठ्ठी असते, बांगड्या मोडल्याची किंवा गहाण ठेवल्याची. पहिला हप्ता कशातून भरला ते त्या चिठ्ठीवर लिहिलेलं असतं. एवढ्या एका चिठ्ठीवर कोर्टात मालकी सिद्ध होत नाही, पण बाकीच्या पुराव्याबरोबर ती बोलते, आणि घरातल्या बोलण्यात तर नक्कीच बोलते. म्हणून रद्दी देण्याआधी प्रत्येक कागद उलगडून बघायचा. अप्परवर राहणाऱ्या एका कचरावेचक ताईनं मला सांगितलं, सोसायट्यांच्या रद्दीत तिला मुद्रांकाचे कागद बऱ्याचदा सापडतात, आणि ती परत नेऊन देते. "नेऊन दिले की बाई घाबरते, आणि साहेब म्हणतो, आमचे नाहीत."

ट्रंकेत मूळ खरेदीखत नसेल तरी अडत नाही. नोंदणी झालेल्या दस्ताचा गोषवारा, ज्याला सगळे इंडेक्स टू म्हणतात, तो नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर शोधता येतो, नक्कल मिळते. मालक कोण, कुणाची नावं आहेत, हे त्यात दिसतं. मुलींनो, मोबाइलवर हे दहा मिनिटांचं काम आहे. आईला करून द्या.

विक्रीआधी घेणाऱ्याचा वकील वर्तमानपत्रात 'जाहीर नोटीस' देतो. आतल्या पानावर, बारीक अक्षरात. अमुक फ्लॅटवर कुणाचा हक्क, हितसंबंध असल्यास इतक्या दिवसांत लेखी कळवावं. ही नोटीस खरं म्हणजे नाशिकच्या मुलीसाठी असते, आणि ती तिला कधीच दिसत नाही, कारण ती पुण्यातल्या पेपरात येते. घर विकण्याची कुणकुण लागली तर पुण्यातल्या मैत्रिणीला रोज तेवढं पान बघायला सांगा. हरकत साध्या पत्रानं, पोच घेऊन पाठवता येते. घेणारा शहाणा असेल तर तिथंच थांबतो, कारण त्याला पुढे बँकेचं कर्ज घ्यायचं असतं.

ओट्यावरच्या मैत्रिणींनो, तुमच्याकडे खरेदीखतच नसतं, व्यवहार नोटरीवर होतात. इथल्या जुन्या बायका सांगतात, मिळाला तो नावाप्रमाणे नुसता ओटा, म्हणजे जोतं. वरच्या भिंती, पत्रा, मग स्लॅब हे ज्यानं त्यानं उभं केलं. विटा आणि वाळू बायकांनी डोक्यावरून वाहिली. शंभर रुपयांवरच्या स्थावर मालमत्तेची विक्री नोंदणीशिवाय पुरी होत नाही हा जुना कायदा आहे, आणि नुसत्या मुखत्यारपत्रावर मालकी जात नाही हे सर्वोच्च न्यायालयानं २०११ साली पुन्हा सांगितलं. त्यामुळे तुमच्याकडे घर विकणारीही कच्ची आणि घेणारीही कच्ची. नवऱ्यानं दारूच्या उधारीत घर 'नोटरी करून' दिलं आणि बायको-मुलं रस्त्यावर आली, अशी तीन प्रकरणं ह्या वर्षात आपल्याकडे आली. कर पावती, वीजबिल, फोटोपास, जिथं जिथं नाव लागतं तिथं नवऱ्याबरोबर तुमचं नाव लावून घ्या. हे काम विक्रीच्या वेळी होत नाही, आधीच करायला लागतं.

पैशांबद्दल थोडं बोलून थांबते. घर सत्तर लाखांना जातं, कागदावर पन्नास लिहितात, वीस रोख. ह्याला चोरी म्हणायचं की व्यवहार, ते तुम्ही ठरवा. बाईचं नुकसान कुठं होतं ते बघा. चौथा वाटा द्यायची वेळ आली की हिशेब पन्नासवर होतो, साडेबारा लाख. खरे साडेसतरा व्हायला हवेत. रोखीतला पाच लाखांचा वाटा कधी मोजलाच जात नाही, आणि तो मागायला कुठलं कोर्ट नाही. घराच्या व्यवहारात वीस हजार किंवा त्यावर रोख घ्यायला आयकर कायद्यानंच बंदी आहे, तेव्हा "सगळे चेक हवेत" हे म्हणण्यात बाईनं संकोच करायचं कारण नाही. प्रत्येक वारसाचा चेक त्याच्या त्याच्या नावाचा, हे विक्रीच्या करारातच लिहून घ्यायचं. त्यासाठी तुमचं पॅन कार्ड आणि तुमचं एकटीचं खातं हवं. मुलाबरोबरच्या जोड खात्यात आलेले पैसे किती दिवस राहतात ते आपल्याला माहीत आहे.

काकूंच्या बाबतीत आम्ही विसाराआधी मुलांना केंद्रात बोलावलं. धाकटा आला, थोरला आला नाही, त्यानं वकील पाठवला. मुलीनं नाशिकहून कळवलं की ती आपला वाटा आईला देईल, भावांना नाही. मुलं म्हणाली, आई आमच्याकडेच राहणार आहे, तिला पैसे कशाला? मी म्हटलं, तसं असेल तर तसंच कागदात लिहू. ज्येष्ठ नागरिकांच्या २००७ च्या कायद्यात कलम २३ आहे. सांभाळण्याच्या अटीवर मालमत्ता दिली आणि सांभाळलं नाही तर प्रांताधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणाकडे जाऊन तो व्यवहार रद्द करून घेता येतो. पण अट कागदात असली तर बाई भक्कम असते. तोंडी शब्दावर भांडायला गेलेल्या आईला २०२२ साली सर्वोच्च न्यायालयातूनही परत यावं लागलं होतं. अट लिहायची म्हटल्यावर दोन्ही मुलांनी आठ दिवस मागून घेतले. शेवटी काकूंच्या नावे दोन वाटे, म्हणजे त्यांचा आणि मुलीचा, ठेव म्हणून ठेवायचे ठरले, आणि व्याज त्यांच्या खात्यात. धनकवडीला धाकट्याजवळ एक खोली भाड्यानं घेतलीय. कॉट माळ्यावरून उतरवली, एक पाय मोडला होता, तो सुतारानं बसवून दिला. जिन्याच्या प्रश्नाचं काय ते अजून काही झालेलं नाही. खोली पहिल्या मजल्यावर आहे.

आपल्या गटातल्याच एका ताईकडे परवा माहेरून हक्कसोडपत्राचा मसुदा आलाय. त्यांनी परवानगी दिली म्हणून सांगते, नाव सांगत नाही. आम्ही तिघींनी बसून तो ओळ न् ओळ वाचला. आत "स्वखुशीने, कोणत्याही दबावाविना" असं दोनदा लिहिलंय, फ्लॅटची किंमत कुठंच लिहिलेली नाही. ताईंनी भावाला पत्र पाठवलं, फोन नाही, पत्र. त्यात तीन गोष्टी विचारल्या आहेत: घर कितीला ठरलंय, आईची राहायची सोय कुठं, आणि माझ्या वाट्याचं काय करायचं ठरवलंय. खाली लिहिलंय, दिवाळीला येतेच आहे.

भावाचं उत्तर अजून आलेलं नाही. आता तुमचे प्रश्न घेऊ. ज्यांनी कागद आणलेत त्यांनी उजवीकडच्या टेबलाजवळ बसा.